लांब बाह्यांचा रविवार

बाहीचं बटण लावताना मला ते दिसलं. वडिलांच्या उजव्या हातावर, कोपराच्या चार बोटं खाली, निळे-काळे डाग उठले होते. चार एका बाजूला आणि पाचवा, जरा मोठा, उलट बाजूला. मी माझा हात त्यांवर ठेवून पाहिला. दाबला नाही, नुसता ठेवला. तंतोतंत बसला. मापात बसणारी कुठलीही गोष्ट पाहिली की मला एक समाधान वाटतं, ते क्षणभर याही वेळी वाटलं आणि लगेच मी हात काढून घेतला. काल संध्याकाळी मी वडिलांना मारलं होतं. हे मला ठाऊक होतंच, मी काही झोपेत मारलं नव्हतं, पण ठाऊक असणं आणि सकाळच्या उजेडात असं अंगावर उमटलेलं दिसणं यांत फरक आहे. रविवार होता. बारा वाजता ताई येणार होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती येते, वडिलांचे केस कापते, नखं काढते, जेवते आणि जाते. मागच्या खेपेला तिने त्यांच्या नडगीवरची खूण पाहिली होती. पलंगाला लागलं, असं मी सांगितलं. ती कात्री हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पुन्हा काही दिसलं तर मी त्यांना घेऊन जाईन. आणि मग तू माझ्या दारात यायचं नाहीस." ताई बोलते ते करते. आणि मला वडील जायला नको होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर ते कुणाला खरं वाटणार नाही.

वडील म्हणजे मास्तर. छत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवायचे. गल्लीत, दुकानात, नातेवाइकांत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. आईसुद्धा "मास्तर आले रे" असंच सांगायची आणि ते ऐकलं की घरातला आवाज आपोआप खाली यायचा. आता त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निघून चाललाय. आधी शेजारी गेले, मग आईचं नाव गेलं, मग आई वारल्याची आठवण गेली, ते एका अर्थी बरंच झालं. आठ महिन्यांपूर्वी मी गेलो. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "काय हो, तुम्ही इथे नवीन का?" मी हो म्हणालो. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी शाळेतला कुणी कारकून किंवा शिपाई आहे आणि ते मला अहो-जाहो करतात. आयुष्यात पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्यांचा मुलगा होतो त्यांचा मी आता कुणीच नव्हतो. ते जेवण झाल्यावर मला "आभारी आहे" म्हणायचे. मी ताट उचलून आत न्यायचो आणि नळाखाली हात धरून उगाच उभा राहायचो.

माझी खोली लहान आहे आणि तिची एक अख्खी भिंत म्हणजे माझं कपाट. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, मग गिऱ्हाइकाच्या समोर वाकून काड्या कानामागे नीट बसताहेत का बघायचं, नाकावरच्या गाद्या चिमटीने किंचित दाबायच्या. दिवसभर मी अनोळखी माणसांच्या कानशिलांना हात लावतो. "तुमचा हात फार हलका आहे हो," असं बायका म्हणतात, म्हातारे म्हणतात, एकदा एक लहान मुलगीही म्हणाली. त्या हलक्या हाताने मी घरी येऊन कपडे सांभाळतो. लोकरीचं विणलेलं काही टांगायचं नाही, खांदे उतरतात. घडी घालायची आणि दर आठवड्याला घडी बदलायची. कोटाला ब्रश वरून खाली, एकाच दिशेने. अंगातून काढलेला कोट लगेच कपाटात कोंडायचा नाही, एक दिवस बाहेर रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर टांगायचा. बूट लागोपाठ दोन दिवस घालायचे नाहीत. बटण सैल झालं की त्याच दिवशी शिवून घ्यायचं. कसर लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात कापडात बांधलेल्या लवंगा. दुकानातले लोक मला मागे "साहेब" म्हणून हसतात, पगार आपला तेवढाच आणि ऐट बघा, नाकापेक्षा मोती जड. हसू देत. माझ्या कपाटात चौतीस वस्तू आहेत आणि त्यांतल्या एकीलाही मी कधी झिडकारलेलं नाही, पिळलेलं नाही, जमिनीवर टाकलेलं नाही. जिवंत वस्तूंच्या बाबतीत मला एवढं म्हणता येत नाही.

आणि मग शो. वर्षातून दोनदा मोठ्या शहरांमधले फॅशनचे शो होतात आणि ते मी दूरदर्शन संचावर लावून, पडदे ओढून, पाय धुऊन बघतो. पाय का धुतो ते मला विचारू नका. लांब पांढरी वाट, दोन्ही बाजूंना अंधारात बसलेली माणसं, आणि एकामागून एक उंच, हाडकुळी, गंभीर चेहऱ्याची पोरं-पोरी येतात, शेवटपर्यंत जातात, क्षणभर थांबतात, वळतात आणि परत जातात. कोटाची मागची चीर वळताना कशी उघडते, पायघोळ झग्याचा घेर वळणाच्या अर्धा क्षण मागे राहून कसा येतो, हे बघताना माझ्या अंगावर काटा येतो. दुकानातल्या एकाने विचारलं होतं, त्यात बघायचं काय, ते कपडे कुणी घालतं का? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं की ती माणसं त्या वाटेच्या टोकापर्यंत जातात आणि वळतात, आणि वळताना त्यांना कुणी मारत नाही. सगळे नुसते बघतात. मी वीस वर्षं हे बघतोय आणि अजूनही प्रत्येक वळणाला माझी मान थोडी आत जाते. गेल्या हिवाळ्यात एकदा वडील खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं आता उठून संच बंद करतील. ते पुढे वाकून बघत राहिले आणि हळूच हाताने मांडीवर ताल धरू लागले, डावा, उजवा, डावा, उजवा. "हा चांगला चालतो," ते म्हणाले. मग एक मुलगी आली, खांदे पडलेली. "हिला सांगा, छाती पुढे. कुठल्या तुकडीतली आहे?" मी म्हटलं, "ब तुकडी." "वाटलंच," ते म्हणाले. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं नव्हतं हे मला मधेच कळलं. तेव्हापासून आम्ही शो एकत्र बघतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली संध्याकाळ कुठली असं कुणी विचारलं तर मी त्यांतलीच एखादी सांगेन.

कारण दुसरी वाट आमच्या जुन्या घरातली होती. स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंतचा बोळ, एकोणीस पावलं. मी अकरा वर्षांचा होतो. आईची करड्या रंगाची शाल खांद्यांवर टाकून, तिचं एक टोक जमिनीवर सोडून, मी त्या बोळातून चाललो. मासिकात एक चित्र पाहिलं होतं, तसं. दारापाशी गेलो, थांबलो, हनुवटी उचलली आणि वळलो, आणि शाल माझ्यामागून अर्धा क्षण उशिरा वळली. ते मला पाठीला जाणवलं. एवढं सुख मला त्याआधी कशाने झालं नव्हतं. मागे दार उघडून मास्तर उभे होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, वेणीसारख्या विणलेल्या जाड दोरीत ओवलेली, पितळी. ती त्यांनी गळ्यातून काढली. ओरडले नाहीत, ते कधी ओरडायचे नाहीत. म्हणाले, "बायकी चालतोस. चाल, मी शिकवतो." आणि त्या बोळातून मला चालवलं. डावा, उजवा. टोकाला गेलो की वळ, आणि वळताना दोरी. शिट्टी जिथे लागायची तिथे कातडी फुटायची. किती फेऱ्या झाल्या मला माहीत नाही; ताई सांगते की बाहेरचा उजेड जाईपर्यंत. ताई तेव्हा चौदाची. ती मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती आणि मी समोरून गेलो की मान वळवायची. आई स्वयंपाकघरात नळ सोडून भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा. एका वळणावर शिट्टी भुवईला लागली आणि मला दिसेनासं झालं, तरी मी चालत होतो, कारण पाय शिकले होते. शाल त्यांनी मागच्या अंगणात नेऊन जाळली. जळणाऱ्या लोकरीचा वास केस जळल्यासारखाच असतो. त्या दिवसापासून माझे कपडे मी सांभाळतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, आणि भुवईवर केस घेतो.

पहिल्यांदा मी त्यांच्यावर हात उचलला तो गेल्या पावसाळ्यात. त्यांनी ताटलीतलं वरण माझ्या शर्टावर उपडं केलं होतं. तेव्हा चुकून झालं असं म्हणता आलं असतं आणि मी म्हणालोही. दुसऱ्यांदा पायाने, नडगीवर. कालची तिसरी खेप. काल मोठा शो होता, हिवाळी कोटांचा. आठवडाभर मी वाट बघत होतो. सात वाजता सुरू होणार, म्हणून पावणेसातला मी त्यांना स्वेटर चढवायला घेतला. त्यांचा एक हात बाहीत गेला, दुसरा त्यांनी पोटाशी घट्ट धरला. असं होतं कधीकधी. थांबलं की सैल सोडतात. मी थांबलो. मी गोड बोललो. ते माझ्या बोटांकडे बघत होते, स्वेटरच्या गळ्याची कड मी नीट दुमडत होतो तिकडे, आणि मग त्यांनी वर बघितलं. त्यांचे डोळे एकदम स्वच्छ झाले, आठ महिन्यांत नव्हते इतके. ते म्हणाले, "बायकी." एवढंच. बायकोचं नाव गेलं, स्वतःचं वय गेलं, जेवलो की नाही ते आठवत नाही, आणि हा शब्द तेवढा जागच्या जागी होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. त्या एका शब्दात त्यांनी मला ओळखलं होतं. मी त्यांचा मुलगा होतो, पुन्हा. मी त्यांचा हात धरला आणि पिरगाळून बाहीत घातला. ते कण्हले. मग मी त्यांना मानेवर मारलं, कानाखाली, आणि ते खुर्चीत बसले तेव्हा आणखी एकदा, आणि आणखी एकदा, आणि मला बरं वाटत होतं. हे मी कुणालाच सांगितलं नसतं, पण तसंच होतं. खांद्यातून हात सुटतो तेव्हा इतकं मोकळं वाटतं, ते मला माहीत नव्हतं. मास्तरांना मात्र इतकी वर्षं माहीत असणार. संचावर शो सुरू झाला. संगीत लागलं आणि ते रडता रडता थांबले आणि मांडीवर ताल धरू लागले. मी शेजारी बसलो आणि आम्ही शो शेवटपर्यंत बघितला. एकही कोट मला आठवत नाही.

तर आता सकाळचे साडेदहा झाले होते आणि हातावर पाच डाग होते आणि कानाच्या खाली, मानेवर, जांभळा पट्टा. मी मन शांत ठेवलं. कपड्यांचा प्रश्न आला की माझं मन आपोआप शांत होतं. त्यांचे स्वतःचे शर्ट सगळे धुवून धुवून पातळ झालेले, आणि त्यांना बाह्या वर सरकवायची खोड. छत्तीस वर्षं उन्हात मैदानावर उभं राहिलेल्या माणसाची खोड. शर्टाची कॉलर मानेवरचा पट्टा झाकत नव्हती. स्वेटर नको, स्वेटर बघितल्यावर ते अंग आकसून घेत होते. काहीतरी असं हवं होतं की ज्याची कॉलर उभी राहील, बाही सरकणार नाही आणि आतून मऊ असेल, म्हणजे दुखऱ्या हाताला लागणार नाही आणि ते काढायचा हट्ट धरणार नाहीत. असं माझ्याकडे एकच होतं. मी कपाट उघडलं आणि राखाडी कोट बाहेर काढला. तो कोट सात वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. एका शोमध्ये पाहिलेला कोट मी त्याला कागदावर काढून दाखवला होता, पुढून, मागून आणि वळताना. वळतानाचं चित्र बघून तो म्हणाला होता, "असं चित्र मला आजवर कुणी आणून दिलं नाही." चार वेळा त्याने माझ्या अंगावर घालून माप बघितलं, कॉलरच्या आतले टाके हाताने घातले, आत गडद निळं रेशमी अस्तर लावलं. सात वर्षांत तो मी अकरा वेळा घातलाय. दुकानातल्या कुणाला त्याला बोट लावू दिलेलं नाही. तो मी मास्तरांना घालणार होतो, आणि खरं सांगतो, मला स्वतःबद्दल बरं वाटलं. इतकी मोठी गोष्ट मी त्यांच्यासाठी करत होतो.

त्यांनी हट्ट केला नाही. अस्तराला हात लागला तसा हात आपणहून आत सरकला. दुखऱ्या जागेवरून गेला तेव्हा "स्स" केलं फक्त. मी पाठीवरून कोट सारखा केला, खांद्यांची शिवण खांद्यावर आणली. माझ्याच मापाचे निघाले. म्हातारपणी आक्रसून ते नेमके माझ्याएवढे झाले होते, मला कधी लक्षात आलं नव्हतं. मग कॉलर उभी करून गळ्याशी हूक लावायचा होता. माझे दोन्ही अंगठे त्यांच्या गळ्याखाली होते. त्यांचा कंठमणी माझ्या अंगठ्याखाली वर गेला, खाली आला. ते छताकडे बघत होते, मान पूर्ण मोकळी सोडून. किती सोपं असतं, मला वाटलं. डाग झाकायचे, ताईला तोंड द्यायचं, उद्या बाहीत हात घालायचा, परवा घालायचा, पुन्हा कधी ते स्वच्छ डोळ्यांनी बघतील याची धास्ती घेऊन रोज घरी यायचं, हे सगळं या दोन अंगठ्यांनी संपलं असतं. हूक लागत नव्हता. मी दाबलं, किती ते मला माहीत नाही. ते खोकले. मी हात असे मागे घेतले की पाठीमागच्या कपाटाच्या दारावर आपटले. ते आरशात बघत होते. त्यांनी कोटाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, कापडाच्या विणीच्या दिशेने. बहुतेक माणसं उलट दिशेने फिरवतात. "छान आहे," ते मला म्हणाले. "तुमचा का हो?" मी म्हणालो, "तुमचाच." त्यांनी मान हलवली. मी खाली बसून त्यांचे मोजे सारखे करत राहिलो, ते सारखे झालेले असूनही.

बाराला पाच मिनिटं कमी असताना ताई आली. ताईचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर हात वर धरून तिचे दंड पुरुषासारखे झालेत. ती आत आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि दारातच थांबली.

"कुठे निघालेत का हे?" तिने विचारलं.

"नाही. थंडी वाजत होती त्यांना."

"थंडी." तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. चोराच्या मनात चांदणं. मी लगेच उठून ती लावून घेतली. ती वडिलांसमोर वाकली, त्यांच्या गालाला हात लावला, कोटाच्या खिशाची कड चिमटीत धरून बघितली.

"हा तुझा तो कोट ना?"

"हो. म्हटलं त्यांना ऊब येईल."

पिशवीतून कात्री आणि कंगवा काढून तिने टेबलावर मांडले, पांढरं कापड झटकलं, ते वडिलांच्या गळ्याभोवती न बांधता तसंच खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे वळली. "मी एकदा तुझ्या मफलरला हात लावला होता," ती म्हणाली. "तू बारा वर्षांचा होतास. माझ्या मनगटाला चावला होतास, आठवतं? अजून दिसतं. आई गेली त्या दिवशी मला हुडहुडी भरली होती, तेव्हा हा कोट तुझ्या हातात होता. तू शेजारणीची शाल मागून आणलीस मला."

"ताई, तसं काही नाही."

"कोट काढ त्यांचा."

"त्यांना आवडलाय. राहू दे ना. केस कापून घे आधी."

"काढ म्हणते ना."

मी सगळ्याचा विचार केला होता. कॉलरची उंची, बाहीची लांबी, अस्तर, सगळं. माझ्या बहिणीला मी माहीत आहे, एवढंच माझ्या हिशोबात आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात मुलाने बापाला चांगला कोट घातला तर लोक कौतुक करतील. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच निघत होता. मी हूक काढला. आधी डावी बाही, मग सावकाश उजवी. आत बनियन होतं. शर्टाच्या बाह्या सरकतात म्हणून सकाळचा शर्ट मी आधीच काढून ठेवला होता. ताईने एकदम श्वास घेतलेला मला ऐकू आला. आणि मी काय केलं, तर त्या क्षणीसुद्धा कोट घेऊन वळलो, लाकडी हँगर उचलला, कोटाचे खांदे त्यावर नीट बसवले, पुढच्या कडा जुळवल्या. हात आपलं काम करत होते. मी मागे वळलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, वडिलांच्या हाताकडे नाही.

"झाला टांगून?" तिने विचारलं.

मग तिने मला मारलं. उघड्या पंजाने, कानाखाली, तिच्या त्या दंडाने. आमच्या घरात सगळ्यांचाच हात जड. माझं डोकं कपाटावर आपटलं, तिने दुसऱ्यांदा मारलं, ओठ फुटला, आणि मी हात वर केला नाही. ती रडत होती आणि मारत होती आणि मधेच म्हणाली, "मी तेव्हा नुसती उभी होते. तेव्हा उभी राहिले म्हणून आता पण उभी राहीन असं वाटलं का तुला?" वडील खुर्चीत ताठ बसून आमच्याकडे बघत होते. भांडणाऱ्या दोन पोरांकडे बघावं तसे. तिने कात्री, कंगवा पिशवीत टाकला, त्यांच्या औषधांचा डबा टाकला आणि त्यांना काखेत हात घालून उभं केलं.

"शर्ट तरी घालू दे," मी म्हणालो. "ताई, लोक बघतील."

"बघू देत. झाकायचं काम खूप वर्षं केलं आपण."

मी तिची पिशवी धरली. ती सोडवून घेताना तिने मला ढकललं नाही, नुसतं बोटं एकेक करून उचलली. दार उघडून ती त्यांना जिन्यावर घेऊन गेली, दुपारी बारा वाजता, बनियनवर, उघड्या दंडांनी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी मागून गेलो. माझ्या मनात फक्त एवढंच होतं की ते चालले. की उद्या संध्याकाळी शेजारची खुर्ची रिकामी असेल आणि कुणी मला अहो म्हणणार नाही आणि बायकीही म्हणणार नाही. ते एकेक पायरी उतरत होते. मानेवरचा पट्टा मागून जास्तच काळा दिसत होता. दुसऱ्या मजल्यावर घड्याळजींचं दार उघडं होतं. घड्याळं दुरुस्त करणारे सज्जन म्हातारे, मी त्यांचा चष्मा बनवतो, फुकट दुरुस्त करून देतो. ते बाहेर आले, त्यांच्यामागे त्यांची बायको आली. त्यांनी मास्तरांच्या हाताकडे पाहिलं, माझ्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं.

"अरे अरे," घड्याळजी म्हणाले. "मास्तर पडले की काय?"

त्यांनी कारण माझ्या हातात ठेवल्यासारखंच ठेवलं. नुसती मान हलवायची होती. पडले, दवाखान्यात नेतोय, धावपळीत शर्ट राहिला; जिन्यातल्या प्रत्येक दाराला ते पटलं असतं आणि मला या घरात राहता आलं असतं. ताई थांबली. ती माझ्याकडे वळली नाही. वडिलांचा हात धरून एक पायरी खाली ती उभी राहिली आणि मला तिच्या पाठीवरून कळलं की ती वाट बघते आहे.

"मी मारलं त्यांना," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "काय म्हणालात?" घड्याळजींनी कानाशी हात नेला. वडील वळले. जिन्याच्या त्या अरुंद वळणावर त्यांनी कठडा सोडला, बनियनमधले खांदे मागे नेले, हनुवटी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे स्वच्छ होते की नाही, मी त्या क्षणी त्यांचा कोण होतो, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

"जोरात बोल," मास्तर म्हणाले. "शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

वरची आणि खालची दारं उघडत होती. मी पुन्हा सांगितलं, जोरात.